एकाग्रतेची तालीम

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील ईस्ट प्रॉव्हिडन्स या गावी १९३१ मध्ये लहान मुलांसाठी एक मनोरुग्णालय उघडले. त्यामागे एमा नावाची एक मुलगी होती; मेंदूच्या दाहामुळे ती लहानपणीच अपंग झाली होती. तिच्या आईवडिलांनी, ब्रॅडली दांपत्याने, आपली मालमत्ता या कामासाठी ठेवली होती. तिथले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये एक छोटा अहवाल छापला. मेंदूची क्ष-किरण तपासणी करण्यासाठी मुलांच्या मणक्यातले पाणी काढावे लागे आणि त्यानंतर त्यांचे डोके भयंकर दुखे. ते थांबावे म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण काही मुले अचानक मन लावून अभ्यास करू लागली. मग त्यांनी ३० मुलांना आठवडाभर ते औषध दिले आणि त्यांतल्या १४ जणांच्या शाळेतल्या कामात ठळक फरक दिसला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, याच संस्थेतून दुसरा अहवाल निघाला. हर्बर्ट जॅस्पर यांनी फिलिप सॉलोमन आणि ब्रॅडली यांच्यासह वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांच्या मेंदूचे विद्युत्-आलेख काढले होते, आणि अनेकांच्या आलेखात वयाच्या मानाने संथ लहरी आढळल्या होत्या. आज आपण ज्याला एडीएचडी म्हणतो, त्या लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या अवस्थेवरच्या दोन्ही वाटा अशा एकाच इमारतीतून, वर्षभराच्या अंतराने निघाल्या. औषधाची वाट पुढे राजमार्ग झाली. विजेच्या लहरींची वाट उपचारापर्यंत पोहोचायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

हा लेख त्या दुसऱ्या वाटेविषयी आहे. मुलाला गोळी न देता, यंत्राच्या साहाय्याने त्याच्या मेंदूला वळण लावता येईल का, हा प्रश्न गेल्या अर्धशतकात तीन वेगवेगळ्या यंत्रांपुढे टाकला गेला: आधी मेंदूचे तरंग दाखवणारे, मग स्मरणशक्तीचा सराव करून घेणारे आणि शेवटी व्हिडिओ गेमचे. प्रत्येक वेळी सुरुवातीला मोठी आशा निर्माण झाली आणि पुढे ती आक्रसत गेली. माझे म्हणणे असे आहे की या यंत्रांचे भवितव्य त्यांच्या करामतीवर ठरलेच नाही. मूल सुधारले असे कोण सांगतो, आणि सांगताना त्याला काय ठाऊक असते, यावर ते ठरले. म्हणून या विषयाचा इतिहास मोजमापाचा इतिहास म्हणून वाचला, तरच त्याचा नीट अर्थ लागतो.

माणसाच्या मेंदूतून निघणारी वीज कवटीवरून टिपता येते हे जर्मनीतल्या येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये पाहिले आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या विजेवर माणूस स्वतः ताबा मिळवू शकेल ही कल्पना मात्र १९५८ च्या सुमाराची, शिकागोच्या जो कामिया यांची. घंटी वाजली की आपल्या मेंदूत अल्फा लहर आहे की नाही याचा अंदाज ते माणसाला बांधायला लावत आणि अंदाज बरोबर की चूक हे लगेच सांगत. सरावाने लोक बहुतेक वेळा बरोबर ओळखू लागले. खरा पाया घातला तो कॅलिफोर्नियातल्या बॅरी स्टरमन यांनी, आणि तोही मांजरांवर. दूध-रश्श्याच्या घोटासाठी दांडी दाबायची, पण सूर वाजत असेपर्यंत थांबायचे, असे त्यांनी मांजरांना शिकवले होते. थांबलेले मांजर अगदी निश्चल पण सावध असे, आणि त्या क्षणी त्याच्या मेंदूत सेकंदाला साधारण १२ ते १५ आवर्तनांची एक लय उमटे. मग स्टरमन थेट त्या लयीलाच बक्षीस देऊ लागले आणि मांजरे ती लय हवी तेव्हा आणू लागली. पुढे अमेरिकी हवाई दलाला अग्निबाणाच्या इंधनातल्या विषारी हायड्रॅझिनविषयी माहिती हवी होती. त्या रसायनाने झटके येतात. पण हे प्रशिक्षण घेतलेल्या मांजरांना झटके उशिरा आले. या पुराव्याचे मोल मला फार वाटते, कारण आपल्याला काही शिकवले गेले आहे आणि त्यातून काहीतरी चांगले होणार आहे, हे मांजराला ठाऊक नव्हते. त्याच्या मालकाचा अभिप्रायही कोणी विचारला नव्हता. या संपूर्ण वाटेवर अपेक्षेचा स्पर्श न झालेला पुरावा इतका शुद्ध रूपात पुन्हा फार क्वचित सापडतो. १९७२ मध्ये स्टरमन यांनी अपस्माराच्या एका तरुणीवर हीच पद्धत वापरल्याचे प्रसिद्ध केले.

ती पद्धत चंचल मुलांपर्यंत कशी आली हे समजायला प्रयोगशाळेबाहेर पाहावे लागते. मिथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तयार झाले आणि १९५० च्या दशकात रिटॅलिन या नावाने बाजारात आले. जून १९७० मध्ये वॉशिंग्टन पोस्टने बातमी दिली की ओमाहा शहरातल्या शाळकरी मुलांपैकी पाच ते दहा टक्के मुले वर्तन सुधारण्यासाठी गोळ्या घेत आहेत. आकडा फुगवलेला होता. खरे प्रमाण त्याच्या आसपासही नव्हते. पण देश हादरला, आणि सप्टेंबरात अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे सुनावणी झाली. शाळेतल्या शिस्तीसाठी मुलांना औषधे चारली जात आहेत ही भीती घराघरात शिरली ती तेव्हापासून. बेंजामिन फाइनगोल्ड यांनी कृत्रिम रंग आणि स्वादद्रव्ये टाळण्याचा आहार सांगितला, तो याच काळात लोकप्रिय झाला. आणि याच हवेत टेनेसी विद्यापीठातले जोएल लुबार स्टरमन यांची लय घेऊन एका अतिचंचल मुलाकडे वळले. लुबार आणि मार्गारेट शाउस यांचा १९७६ चा शोधनिबंध त्या एकाच मुलावरचा आहे. त्याला आधी लय वाढवायला शिकवले, मग उलट दिशेने शिकवले आणि पुन्हा सुलट. वर्गातले त्याचे वागणे प्रत्येक टप्प्यावर नोंदवले गेले, आणि ते प्रशिक्षणाच्या दिशेप्रमाणे सुधारत-बिघडत गेले. एका मुलावरचा प्रयोग म्हणून तो हिणवला गेला, तरी त्याची रचना नंतरच्या कित्येक मोठ्या अभ्यासांपेक्षा कठोर होती. मुलाला मुद्दाम उलट शिकवण्याचा तो टप्पा आजची कोणतीही नीतिसमिती सहसा मान्य करणार नाही.

पुढची तीन दशके ही पद्धत, म्हणजेच न्यूरोफीडबॅक, पसरली, पण तिची कसोटी सैल झाली. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार-सूचीने या अवस्थेचे नाव बदलून अवधानाची कमतरता पुढे आणली आणि १९८७ मध्ये आजचे नाव आले. चंचलपणाऐवजी लक्ष हा विषय झाल्यावर मेंदूच्या संथ थीटा आणि जलद बीटा लहरींचे गुणोत्तर मोजून ते कमी करायला शिकवण्याची पद्धत रूढ झाली. नासाच्या लँगली केंद्रात ॲलन पोप वैमानिकांचे लक्ष मोजत होते. तेच तंत्र त्यांनी व्हिडिओ गेमला जोडले. याच सुमारास संगणक स्वस्त झाले आणि दवाखान्यांतून ही सेवा मिळू लागली. पण बहुतेक अभ्यासांत तुलनेचा गट एक तर नुसता प्रतीक्षायादीवर असे, किंवा ज्याने जो उपचार स्वतः निवडला तो त्या गटात जाई. निष्कर्ष पालकांच्या प्रश्नावलीतून निघे. आठवड्यातून दोनदा कामावरून रजा काढून मुलाला घेऊन जाणाऱ्या, पदरचे पैसे भरणाऱ्या आईला ‘आता कसा आहे?’ असे विचारले, तर तिचे उत्तर खोटे नसते, पण तटस्थही नसते. २००९ मध्ये जर्मनीत गेवेन्सलेबेन आणि सहकाऱ्यांनी १०२ मुलांवर जरा नेटका प्रयोग केला. तुलनेच्या गटाला संगणकावरच लक्षाचे व्यायाम दिले, त्यामुळे पडद्यासमोरचा वेळ सारखा राहिला. निकाल न्यूरोफीडबॅकच्या बाजूने लागला आणि समर्थकांचा हुरूप वाढला. मग २०१३ मध्ये एडमंड सोनुगा-बार्क आणि अनेक देशांतले त्यांचे सहकारी यांनी औषधाविना उपचारांचे सर्व नियंत्रित प्रयोग एकत्र करून दोन वेगवेगळे हिशेब मांडले. पहिला होता उपचाराच्या सर्वांत जवळच्या व्यक्तीच्या मतावर, आणि त्यात जवळजवळ सगळेच उपचार गुणकारी ठरले. दुसऱ्यात, कोणाला काय मिळाले हे बहुधा ठाऊक नसलेल्यांचीच मते घेतली, तेव्हा न्यूरोफीडबॅक आणि स्मरणशक्तीचे प्रशिक्षण यांचा परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. टिकले ते दोन आहारविषयक उपाय, विशिष्ट मेदाम्लांचा पूरक आहार आणि खाद्यरंग टाळणे, आणि त्यांतल्या पहिल्याचा परिणाम लहानच होता.

स्मरणशक्तीच्या प्रशिक्षणाची कहाणी स्टॉकहोमची आहे. तिथल्या कॅरोलिन्स्का संस्थेतले टॉर्केल क्लिंगबर्ग यांचा तर्क सरळ होता. या मुलांची कार्यस्मृती, म्हणजे हातातले काम चालू असताना मनात माहिती धरून ठेवण्याची क्षमता, बऱ्याचदा कमी असते. ती वाढवली तर लक्षही सुधारेल. २००२ मध्ये १४ मुलांवरचा पहिला प्रयोग आणि २००५ मध्ये ५३ मुलांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. मुले संगणकावर आकडे, अक्षरे, दिव्यांच्या जागा लक्षात ठेवत, आणि जमत गेले की काम आपोआप अवघड होत जाई. तुलनेच्या गटाला तोच कार्यक्रम सोप्या पायरीवर अडकवून दिला होता. मुलांची स्मृती सुधारली, पालकांच्या मते लक्षणेही कमी झाली. शिक्षकांच्या नोंदीत मात्र तसा फरक उतरला नाही. कॉगमेड या नावाने हा कार्यक्रम अनेक देशांत विकला गेला आणि २०१० मध्ये पिअर्सन या प्रकाशन कंपनीने तो विकत घेतला. २०१४ मध्ये अनिल चाको आणि सहकाऱ्यांनी ८५ मुलांवर काटेकोर चाचणी घेतली तेव्हा सराव केलेल्या प्रकारची स्मृती वाढलेली दिसली, पण पालक आणि शिक्षक यांच्या नोंदींत आणि अभ्यासातल्या प्रगतीत दोन्ही गट सारखेच निघाले.

मला या निकालाचे आश्चर्य वाटत नाही, कारण त्याचे उत्तर १९०१ मध्येच लिहिले गेले होते. तेव्हा लॅटिन आणि भूमितीने बुद्धीला एकंदर धार येते असे युरोप-अमेरिकेतले शिक्षक मानत. पाढे पाठ केले की डोके सगळ्याच विषयांत चालते, हा आपल्याकडचा विश्वास त्याच जातीचा. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी लोकांकडून आयतांच्या क्षेत्रफळाचा अंदाज बांधण्याचा सराव करून घेतला आणि मग वेगळ्या आकारांवर त्यांना तपासले. एका कामातले कौशल्य दुसऱ्यात फारच थोडे उतरले. दोन कामांत जेवढे घटक सारखे, तेवढेच उतरले. पडद्यावरचे दिवे लक्षात ठेवणाऱ्या मुलाला पडद्यावरचे दिवे लक्षात ठेवता येऊ लागतात, हे खरे. वर्गात शेजारचा मुलगा खोड्या काढत असताना फळ्याकडे पाहत राहणे ही निराळी गोष्ट आहे, आणि दोन्हींत सारखे काय आहे हे कोणी दाखवलेले नव्हते. प्रत्येक नव्या यंत्राच्या जाहिरातीत हा शंभर वर्षांचा प्रश्न गाळलेला असतो, आणि त्याची किंमत आईबाप मोजतात.

तिसरे यंत्र सर्वांत देखणे होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲडम गझाली यांच्या प्रयोगशाळेतल्या, वृद्धांसाठी बनवलेल्या गाडी चालवण्याच्या खेळावर २०१३ मध्ये ‘नेचर’च्या मुखपृष्ठापर्यंत पोहोचलेला शोधनिबंध आला होता. त्याच तंत्रावर अकिली कंपनीने मुलांसाठी खेळ रचला. आठ ते बारा वर्षांच्या ३४८ मुलांना घेऊन अमेरिकेत चाचणी झाली. रोज सुमारे पंचवीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे असा तो क्रम होता. तुलनेच्या गटाला शब्दांचा एक खेळ दिला होता. संगणकावरच्या लक्ष-चाचणीत खऱ्या खेळाच्या गटाने सरशी केली. पालकांनी नोंदवलेली लक्षणे दोन्ही गटांत कमी झाली आणि गटागटांत फरक पडला नाही. १५ जून २०२० रोजी अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने एंडेव्हर-आरएक्स या नावाने त्याला परवानगी दिली, आणि डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून द्यायचा पहिला व्हिडिओ गेम म्हणून जगभर बातम्या झळकल्या. परवानगीच्या मजकुरात सुधारणा संगणकीय चाचणीत मोजलेली आहे हे नमूद होते. बातम्यांत ते वाक्य क्वचितच आले. कंपनी २०२२ मध्ये शेअर बाजारात उतरली, विम्याचे पैसे अपेक्षेप्रमाणे मिळाले नाहीत म्हणून २०२३ मध्ये तिने चिठ्ठीविना विक्रीकडे मोर्चा वळवला आणि २०२४ मध्ये ती दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. परवानगीच्या फंदात न पडलेल्या विक्रेत्यांचा हिशेब अमेरिकेच्या व्यापार आयोगाने घेतला. ‘जंगल रेंजर्स’ या खेळाच्या विक्रेत्यांवर २०१५ मध्ये, तर ल्युमोसिटी या मेंदूच्या व्यायामाच्या खेळांच्या चालकांवर २०१६ मध्ये निराधार दाव्यांबद्दल कारवाई झाली, आणि दोन्ही प्रकरणांत एडीएचडीचा उल्लेख होता.

पहिल्या यंत्राचे, म्हणजे न्यूरोफीडबॅकचे, समर्थक अशा निकालांवर एक गंभीर आक्षेप घेतात, आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. बनावट सत्रांशी तुलना करणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगांत खरे प्रशिक्षणच धड झाले नव्हते, असे ते म्हणतात. बक्षिसाचा उंबरठा यंत्र आपोआप हलवत राहिले तर मूल काहीही न शिकता बक्षीस मिळवते, मग खरे आणि बनावट सारखे ठरणारच. हा दोष टाळण्यासाठी समर्थक आणि साशंक संशोधक एकत्र बसले. यूजीन अर्नोल्ड आणि रॉजर डीबीअस यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सात ते दहा वर्षांच्या १४२ मुलांवर ३८ सत्रांचा प्रयोग आखला. तुलनेच्या गटातली मुलेही तितकाच वेळ, तशाच पडद्यासमोर, तशाच प्रशिक्षकाबरोबर बसली, फक्त पडद्यावर हलणारे चित्र त्यांच्या स्वतःच्या मेंदूच्या लहरींशी बांधलेले नव्हते. २०२१ मध्ये निकाल लागला. खऱ्या गटातली ६१ टक्के आणि बनावट गटातली ५४ टक्के मुले लक्षणीय सुधारली, आणि हा फरक योगायोगाच्या कक्षेतला होता. तेरा महिन्यांनी खऱ्या गटाला औषधाची गरज कमी पडली, ही एक नोंद समर्थकांच्या बाजूची आहे. ती दडवू नये. पण अनेक दुय्यम मोजमापांपैकी ती एक आहे, आणि तेवढ्यावर उपचार उभा करण्याआधी तिच्यासाठीच स्वतंत्र प्रयोग व्हायला हवा. २०२४ च्या अखेरीस ३८ प्रयोगांचा आणि २,४७२ व्यक्तींचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला, त्यातही तटस्थ नोंदींत लक्षणांवर अर्थपूर्ण फायदा दिसला नाही.

दुसरा आक्षेप अधिक तिखट असतो: हीच कसोटी औषधांना का लावत नाही? लावलीच पाहिजे. गोळीने भूक मंदावते, त्यामुळे मुलाला खरी गोळी मिळते आहे हे घरात ओळखता येते, आणि बऱ्याच चाचण्या औषध कंपन्यांच्या पैशावर झालेल्या आहेत. १९९९ चा ५७९ मुलांवरचा प्रसिद्ध चौदा महिन्यांचा अभ्यासही पालक-शिक्षकांना उपचार माहीत असतानाच झाला. तरीही एक फरक उरतो. खोट्या गोळीशी तुलना करणाऱ्या असंख्य अल्पकालीन चाचण्यांत शिक्षकांनाही फरक दिसला आहे, आणि प्रशिक्षणाची यंत्रे नेमकी तिथेच कमी पडली. औषधाविषयीची पालकांची धास्ती यामुळे चुकीची ठरत नाही. रोज आपल्या हाताने मुलाला उत्तेजक देणे कोणत्याही आईला जड जाईल. त्या धास्तीचा आदर करायचा असेल तर तिला पुरावा नसलेला पर्याय विकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड आहे. दोन्ही गट सुधारले ना, मग यंत्र खरे की बनावट याने मुलाला काय फरक पडतो? २०२१ च्या प्रयोगात बनावट गटातल्या निम्म्याहून अधिक मुलांना खरोखर बरे वाटू लागले, ही किरकोळ गोष्ट नाही. पण त्यातून यंत्राची शिफारस निघत नाही. पुण्या-मुंबईतही आज न्यूरोफीडबॅकची केंद्रे आहेत, आणि तीस-चाळीस सत्रांचे पैसे मोजणाऱ्या घरात त्याच पैशांत आणि वेळेत दुसरे काही होऊ शकले असते. बनावट गटातल्या मुलाला जे मिळाले त्याची यादी केली तर ती साधी निघते: ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी जाणे, न रागावणाऱ्या एका मोठ्या माणसाचा अखंड सहवास, छोट्या प्रयत्नाला लगेच मिळणारी शाबासकी, आणि माझ्यात बदल होऊ शकतो असे आजूबाजूच्या सगळ्यांना वाटत असल्याची जाणीव. काळाबरोबर लक्षणे आपोआप थोडी उतरतात, तोही वाटा त्यात असणार, आणि किती वाटा कशाचा हे त्या प्रयोगातून वेगळे करता येत नाही. म्हणून मला पुढची जी चाचणी व्हावीशी वाटते तिच्यात तिसरा गट असेल. त्या मुलांपुढे पडदा नसेल, डोक्याला तारा नसतील. तितक्याच सत्रांसाठी, तितकाच वेळ, तसाच प्रशिक्षित माणूस त्यांच्याजवळ बसून त्यांच्याच शाळेची वही सोडवून घेईल, आणि मूल कोणत्या गटात होते हे ठाऊक नसलेला कोणीतरी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून नोंदी करेल.